सात नंबरचं लंगडणं

“जॉबरने तोंड वाकडं केलं, बघ. गेला अल्बम.”

माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी शेजारच्याच्या कानात हे म्हणालं. पहिलंच गाणं सुरू होतं, अजून शब्दही आले नव्हते. प्लास्टिकच्या लाल खुर्च्यांवर आम्ही वीस-एक जण बसलो होतो आणि स्पीकरकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे एका माणसाच्या ओठांकडे बघत होते. ते ओठ खरंच वाकडे झाले होते. माझ्या हातात रुमाल होता, त्याचा मी बोळा केला. कारण त्या गाण्याच्या तळाशी जो मागाचा आवाज चालला होता तो मी रेकॉर्ड करून पाठवलेला होता, आणि हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं.

त्यांना सगळे जॉबर म्हणत. जॉबर म्हणजे पॉवरलूमच्या शेडमधला मिस्त्री. माग अडला की कारीगर त्याला हाक मारणार आणि तो येऊन माग चालू करून देणार. पण मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांच्या हाताखाली एकही माग उरला नव्हता. भिवंडीजवळ पूर्ण्याच्या एका गोदामात, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली पार्सलं जिथे येऊन पडतात, त्या विभागाचे ते शिफ्ट इन्चार्ज होते. मी तिथेच एका टेबलावर नोंदी करायचे. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला बाय म्हणत. अंजूरकडच्या त्यांच्या गावात पोरींना तसंच म्हणतात.

पार्सल उघडायच्या आधी ते त्यावर बोटांची पेरं वाजवायचे. ठक, ठक. मग डोळे मिटून सांगायचे, “कुकर हाय. झाकन न्हाय.” उघडलं की कुकर निघायचा आणि झाकण नसायचं. एकदा एका खोक्यावर त्यांनी तीनदा पेरं वाजवली आणि म्हणाले, “ह्याच्यात चपला हायेत, पन दोन्ही डाव्या.” आम्ही हसलो. दोन्ही डाव्याच निघाल्या. हे त्यांना कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. मला वाटतं आधी कुणीतरी ते पार्सल उघडलं असावं. पण असं म्हणायची गोदामात कुणाची टाप नव्हती.

त्यांच्याकडे हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. लूमच्या दिवसांतून त्यांनी बरोबर आणलेली तेवढी एकच वस्तू. मालाचा पट्टा कुरकुरायला लागला की ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावत, मूठ कानामागच्या हाडाला टेकवत आणि पुतळ्यासारखे उभे राहत. “तिसरं बेअरिंग गेलंय,” म्हणत. एकदा कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने लॅपटॉप लावून दोन तास तपासलं आणि तिसरं बेअरिंग बदललं. जाताना त्याने विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” काका म्हणाले, “तुमच्याकडं डिग्री हाय ना? मंग ती लावा कानाला.”

माझ्यावर त्यांचा एक ठरलेला वार होता. मी काही सांगायला गेले की हात कानाशी नेऊन ओरडायचे, “मोठ्यानं बोल, बाय! तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? इंग्लिश मीडियममदी आवाज काढायची फी वेगली व्हती काय?” सगळं गोदाम हसायचं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचे. आमच्या घरात मुलीचा आवाज शेजारी ऐकू जात नाही याचं कौतुक होतं. बाबा शाळेत क्लार्क; त्यांचाही आवाज आम्ही फारसा ऐकला नव्हता. शाळेत इंग्लिशमध्ये चुकू नये म्हणून मी गप्प राहायचे, गल्लीत मराठी फार पुस्तकी वाटेल म्हणून गप्प राहायचे. त्यामुळे काकांचं ते ओरडणं मला माझं निदानच वाटायचं. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं.

पण गोदामाबाहेर या माणसाची ओळख वेगळीच होती.

‘बारा तास’ हा बँड आता महाराष्ट्रभर माहीत आहे. कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये त्यांच्या गाण्यांवर पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात. पण सुरुवातीला ते गिटारवाले चार मुलगे होते, दोघे भिवंडीचे, दोघे कल्याणचे. त्यांना मागांचा आवाज हवा होता म्हणून ते काकांच्या शेडमध्ये रेकॉर्डर घेऊन आले. काकांनी आधी त्यांना हाकललं. ते परत आले तेव्हा म्हणाले, “आधी पाली भरा, मंग मशीन काढा.” पाळी म्हणजे बारा तासांची. सकाळी सात ते संध्याकाळी सात ते चौघे मागांच्या मधल्या बोळात उभे राहिले. बोलायचं नाही, बसायचं नाही, नुसतं ऐकायचं. संध्याकाळी काकांनी विचारलं, “काय आयकलं?” तिघांना काही सांगता येईना. ड्रमर म्हणाला, “तो कोपऱ्यातला एक माग लंगडतोय.”

तो सात नंबर. मागाचे दोन आवाज असतात. एक जाड, ढब, बाणा म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या लाकडाचा. दुसरा बारीक आणि कडक, टक, तो धागा नेणारा धोटा या टोकापासून त्या टोकाला जाऊन पेटीत आपटतो त्याचा. सात नंबरची ढब घड्याळासारखी सरळ होती, पण त्याचा धोटा एका बाजूने येताना जरा उशिरा पोचायचा. एक टक वेळेवर, दुसरी किंचित मागे. पुन्हा एक वेळेवर, पुन्हा एक मागे. काकांना तो पाच मिनिटांत सरळ करता आला असता. त्यांनी कधी केला नाही. “कापड बरोबर येतंय ना? मंग चालू दे त्याला त्याच्या चालीनं.”

ड्रमरने ती लंगडी चाल उचलली आणि पहिला अल्बम तिच्यावर उभा राहिला. त्या अल्बमच्या आतल्या पानावर छापलं आहे, ‘सात नंबरच्या जॉबरना.’ शेड बंद पडली, माग विकले गेले, पण ते पान राहिलं. त्या पानामुळे नाशिकहून, सांगलीहून पोरं त्यांना भेटायला येत. फॅन लोकांचा मोठा ग्रुप होता, ‘पहिली पाळी’ नावाचा. काकांना टाइप करायचा कंटाळा, ते फक्त आवाजी मेसेज टाकायचे, आणि त्यांचा मेसेज आला की कोल्हापूरचा कुणी डॉक्टरसुद्धा खाली हात जोडायचा.

भिवंडीत माग शुक्रवारी बंद असतात. काकांनी गोदामात आल्यावरही सुट्टी शुक्रवारचीच घेतली होती. त्या दिवशी त्यांच्या जुन्या शेडमध्ये बैठक भरायची. तिथे आता एका मंडप डेकोरेटरचं सामान असतं, त्यामुळे खुर्च्यांना तोटा नाही. जमिनीत मागांचे कापलेले बोल्ट अजून आहेत. सात नंबर जिथे उभा होता त्या चार बोल्टांच्या मधोमध काका आपली खुर्ची ठेवत. गाणी लागली की कुणी बोलायचं नाही. मग एकेकाने आपल्या पाळीला सांगायचं, काय ऐकलं. त्यांचा एकच नियम होता. “चांगलं-वाईट घरी जाऊन बोला. हितं आयकलं काय ते सांगा.” आवडलं किंवा बोअर झालं असं कुणी म्हणालं की त्याची पाळी फुकट.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिसऱ्या रांगेत भिंतीकडची खुर्ची धरली. पुढेही तीच माझी झाली. पाळी माझ्यापर्यंत आली. मी म्हणाले, दुसऱ्या गाण्यात तो गाणारा ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेतो, आणि शेवटच्या कडव्यात घेत नाही.

“काय? मोठ्यानं!”

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा शेजारच्याने माझ्यासाठी ओरडून सांगितलं. काकांनी ते गाणं परत लावलं, डोळे मिटले आणि मान हलवली. “हिला कान हाय,” ते सगळ्यांना म्हणाले.

तीन शब्द. ते मी किती दिवस पुरवले ते सांगायला लाज वाटते. आजवर माझं कौतुक झालं होतं ते हस्ताक्षराचं आणि केसांचं. मला काहीतरी येतं, असं कुणी चारचौघांत म्हणालं नव्हतं.

म्हणून, बँडने जेव्हा नव्या अल्बमसाठी ऐकणाऱ्यांकडून त्यांच्या गावचे आवाज मागवले, तेव्हा मी ठरवलं की सात नंबर शोधायचा. डेकोरेटरच्या वॉचमनने सांगितलं, तो माग पडघ्याच्या अलीकडे एका शेडमध्ये गेलाय. आयुष्यात पहिल्यांदा मी घरी खोटं सांगून एकटी कुठे गेले. त्या शेडमध्ये बावीस माग एकदम चालू होते. मी दारात डोळे मिटून उभी राहिले. एक टक वेळेवर, एक मागे. डाव्या हाताला, भिंतीकडून दुसरा. मागावरचे चाचा माझ्याकडे बघून हसले.

“लंगडी को ढूँढ रही हो?” ते ओरडून म्हणाले. “सब जॉबर बोलते हैं, सीधा कर देते हैं. मैंने बोला, हाथ मत लगाना.”

मी त्यांना वीस मिनिटं बाकीचे माग बंद ठेवायची विनंती केली. म्हणजे मी पुटपुटले आणि त्यांनी ओठ वाचले. शेडमध्ये काम करणारे सगळे ओठ वाचतात, हे मला तेव्हा कळलं. त्यातून पुढचं काही कळलं नाही. दुपारच्या जेवणाला बाकीचे माग थांबले आणि सात नंबर एकटा चालला. मी फोन छातीशी धरून उभी राहिले. घरी येऊन ते पाठवलं, खाली लिहिलं, माझं नाव घालू नका. मला ते नाव काकांसाठी राखून ठेवायचं होतं. अल्बम आला की ते ओळखतील, चार बोल्टांच्या मधून उठतील, विचारतील हा कुणी आणला, आणि मी हात वर करेन. बोलावंसुद्धा लागणार नाही, असं मी ठरवलं होतं.

अल्बमचं नाव ‘मोकळी जागा’. शुक्रवारीच आला. पहिलं गाणं संपलं, दुसरं, तिसरं. काकांचं तोंड वाकडंच. शेवटचं गाणं संपल्यावर त्यांनी कुणाचीच पाळी घेतली नाही. स्वतःच उठले.

“खोटा हाय,” ते म्हणाले. “ह्यो माग न्हाय. कम्प्युटरवर बनवलाय. नुसती ढब ढब ढब, सरल, कवायतीसारकी. टक कुटं हाय? कोनीतरी एसीमदी बसून बनवलाय. ज्यानं बनवला त्यानं जन्मात माग बगितला न्हाय.”

मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकतेय. टक तर होती. सगळ्यात पुढे, कानात टाचणी टोचावी अशी स्पष्ट होती. मी आजूबाजूला बघितलं. दोघातिघांच्या कपाळाला आठ्या होत्या, पण त्या गाण्यावरच्या की काकांवरच्या ते कळेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, “मला पण तेच वाटलं, काका.” आणि मग सगळ्यांनाच तेच वाटलेलं होतं.

त्याच दुपारी काकांचा चार मिनिटांचा मेसेज ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत ‘पहिली पाळी’ फुटली. जुने लोक म्हणू लागले, बँड विकला गेला. दोन गाणी हिंदीत कशाला, कीबोर्ड कशाला, गाणाऱ्याचा आवाज धुऊन इस्त्री करून आणलाय. नवे लोक म्हणाले, तुमचं वय झालं. आम्हाला हाच अल्बम आमचा वाटतो. ‘रील बघून फॅन झालेल्यांनी बोलू नये.’ ‘मालकी हक्क आहे का तुमचा?’ एकाने पहिल्या अल्बमचा टी-शर्ट फाडतानाचा व्हिडिओ टाकला. कल्याणची एक कॉलेजातली मुलगी होती, तिने फक्त एवढंच लिहिलं की ‘मला पहिल्या गाण्यात मागाचे दोन आवाज येतात, एक जाड, एक बारीक, आणि बारीक आवाज अडखळतो.’ काकांच्याच नियमाप्रमाणे लिहिलं होतं तिने, चांगलं-वाईट काही नाही, फक्त ऐकलेलं. तिला तासाभरात काढून टाकलं. कुणीतरी लिहिलं, ‘ताई, कान धुऊन या.’ त्याला बेचाळीस जणांनी हसून दाखवलं. मी मोजले, कारण तेव्हा मी दुसरं काही करत नव्हते.

मी तिला खाजगीत लिहायला घेतलं, ‘तुम्ही बरोबर आहात.’ तीन शब्द. लिहिले आणि पुसले.

लोकांनी गाणी ऐकणंच बंद केलं होतं. भांडण इतकं गोड लागत होतं की आता अल्बमची गरज नव्हती. दोन्ही बाजूंना फक्त काका हवे होते, एकांना डोक्यावर घ्यायला, दुसऱ्यांना शिव्या घालायला. आणि काकांना ते आवडत होतं, हे मी लिहिलं नाही तर खोटेपणा होईल. मागं वळून न बघणारा बँड शेवटी त्यांच्या चार बोल्टांपाशी अडला होता. गोदामात ते ताठ चालायला लागले. चहाच्या टपरीवर कुणीही भेटला की सुरू, “अरे, मागावर केस पांडरे केले मी. मला शिकवतात. हात गेले, माग गेले, पन कान हाय अजून!”

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी स्कॅनरचं झालं. पार्सलवरचा बारकोड वाचायला आमच्याकडे हातात धरायचे स्कॅनर असतात. वाचला की पीप असा बारीक आवाज होतो आणि हिरवा दिवा लागतो. काका माझ्या टेबलावर स्कॅनर आपटत म्हणाले, “ह्यो पन मुका. तिसरा बदलला. कंपनी मुकी मशीनंच घेते का?” ते दुसऱ्या टोकाला गेले. मी तो स्कॅनर उचलून एका पार्सलला लावला.

पीप.

पुन्हा लावला. पीप. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, “अगं, कान फोडशील.”

त्या टेबलापाशी बसल्या बसल्या माझी दोन वर्षं उलटी फिरली. पार्सलवर ते पेरं वाजवत, म्हणजे आवाज बोटांनी घेत. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हाडाला लावत. मालाच्या गाडीचा मागे येतानाचा बारीक टीं टीं वाजला तरी ते बाजूला होत नसत, कुणीतरी त्यांना ओढायचं आणि ते म्हणायचे, “येऊ दे, मला बगून थांबंल.” आणि ‘मोठ्यानं बोल, बाय.’ माझा आवाज बारीक आहे. तो त्यांना कधी ऐकूच आला नव्हता. माझ्या ज्या लाजेवर सगळं गोदाम हसायचं ती अर्धी त्यांच्या कानांची होती.

पण जुना अल्बम? तो तर ते दर शुक्रवारी लावत आणि टक आली की मांडीवर बोट मारत, अगदी वेळेवर. मग लक्षात आलं, तो ते ऐकत नव्हतेच. तो त्यांना पाठ होता. त्यांना ऐकायचं होतं ते सगळं आत आधीच वाजत होतं. नव्या अल्बममध्ये मात्र पाठ असलेलं काही नव्हतं. तिथे कानाला जेवढं येत होतं तेवढंच होतं. ढब, ढब, ढब. सरळ. त्यांच्यापुरतं ते खोटं बोलत नव्हते.

मला दया यायला हवी होती. आधी राग आला. हिला कान हाय, असं म्हणणाऱ्या माणसाला मुळात मी काय म्हणाले तेच ऐकू आलं नव्हतं. शेजाऱ्याने ओरडून सांगितलेल्या वाक्याला त्यांनी मान हलवली होती. मी जन्मभर जपायला घेतलेले ते तीन शब्द अंदाजाने दिलेले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, “काका, एकदा डॉक्टरकडे कान दाखवून या ना.”

“हा, तू जेव,” ते म्हणाले. “माझं झालं.”

मी जेवले.

मग एका शुक्रवारी ड्रमर स्वतः आला. तोच, ज्याने पहिल्यांदा सात नंबरचं लंगडणं ओळखलं होतं. शेडमध्ये इतकी गर्दी की डेकोरेटरने गाद्यासुद्धा अंथरून दिल्या. नवे फॅन नव्हतेच, त्यांना बोलावलंच नव्हतं. ड्रमर काकांच्या पाया पडला. काकांनी पाया पडू दिलं, पण हात त्याच्या डोक्यावर ठेवला नाही.

“काका, हा सात नंबरच आहे,” तो म्हणाला. चांगलं मोठ्याने बोलत होता; ड्रमर लोकांना सवय असते. “भिवंडीच्याच कुणीतरी पाठवलाय. आम्ही त्याला हात लावलेला नाही.”

“कोन?”

“नाव घालू नका म्हणाले. आम्ही भेटलो नाही कधी.”

“मंग आना की त्याला माझ्याम्होरं. बगू दे तरी, कुटल्या बिलातला उंदीर हाय.” लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत होते. माझ्या फोनमध्ये ती मूळ फाइल होती.

ड्रमर वाद घालायला आला नव्हता. त्याने फक्त स्पीकर मागितला. “गाणं नको. नुसतं रेकॉर्डिंग लावतो. बाकी काही नाही. तुम्ही ऐका.”

त्याने लावलं. माग नसलेल्या त्या शेडमध्ये, त्याच चार बोल्टांवर, सात नंबर चालायला लागला. गिटार नाही, कीबोर्ड नाही. एक टक वेळेवर, एक मागे. मागच्या भिंतीवर आपटून ती टक परत येत होती. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने खाली मान घातली. ग्रुपवर टी-शर्ट फाडणारा तोच होता. त्याच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता, आणि तो ठेका लंगडत होता. मी एकेकाकडे बघत गेले. ऐकू येत होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं.

काका डोळे मिटून बसले होते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला नव्हता. मध्येच त्यांनी डोळे उघडून स्पीकरकडे असं बघितलं, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख दिली नाही तर आपण बघतो. ते दिसलं तेव्हा माझा राग कुठे गेला कळलं नाही. दोन मिनिटांनी रेकॉर्डिंग संपलं.

“सरल हाय,” ते म्हणाले. पण या वेळी आवाजात कवायत नव्हती. “सात नंबर लंगडा व्हता. मी ठेवला व्हता त्याला तसा. ह्यो सरल हाय.” मग जवळजवळ विनवणी केल्यासारखं, “हाय ना? पाली घ्या. आयकलं काय ते सांगा. एकेकानं.”

पहिल्या रांगेपासून सुरू झालं.

“सरळ आहे, काका.”

“सरळच.”

“एकदम सरळ. मशीनचा वाटतो.”

मग टी-शर्टवाल्याची पाळी आली. “सरळ,” तो म्हणाला, आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ड्रमर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. तो काकांवर रागावलेला दिसत नव्हता. तो आमच्यावर रागावलेला होता. यातल्या कुणी काकांवरच्या मायेने म्हटलं आणि कुणी ग्रुपवर लिहून बसलो म्हणून म्हटलं, हे मला सांगता येणार नाही. कल्याणच्या त्या मुलीला कान धुवायला सांगणारा मात्र सगळ्यात मोठ्याने म्हणाला.

पाळी माझ्यापर्यंत आली. मी उभी राहिले. उठायची पद्धत नव्हती, तरी उठले.

“लंगडतोय,” मी म्हणाले.

माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. ड्रमरने ऐकलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि मला वाटतं त्याला सगळं कळलं. त्याने किंचित मान हलवली, की बोल. चार बोल्टांच्या मधून काकांनी हात कानाशी नेला. चेहरा पुढे आणला. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, आणि ते दोन वर्षं तिथेच असायचे.

“काय? मोठ्यानं बोल, बाय.”

मी श्वास घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा असं बोलले की त्यांना तो शब्द परत विचारावा लागला नाही, दारातल्या वॉचमनलाही ऐकू गेलं.

“सरळ आहे, काका. कम्प्युटरचाच आहे.”